जलसंशोधन केंद्रांचं जाळं सांभाळताना : नव्या समन्वयकासाठी

समन्वयक म्हणून रुजू झालात की पहिल्या दिवशी हातात पडते एक यादी. वीस-तीस केंद्रांची नावं, संचालकांचे मेल पत्ते, त्यातले चार बंद पडलेले. एक केंद्र पुरावर काम करतं, दुसरं गाळावर, तिसरं भूजलावर. चौथं नेमकं काय करतं हे त्याच्या वेबसाइटवरून कळत नाही. सगळी वेगवेगळ्या देशांत, आणि एकही तुमच्या हाताखाली नाही. खरी गोम इथेच आहे. कुणाचा पगार तुम्ही देत नाही, कुणाची बदली तुमच्या हातात नाही, कुणाला कारणे दाखवा नोटीस धाडता येत नाही. केंद्रं उत्तर देतात ती तुमच्यामुळे त्यांचं काही काम सोपं होत असेल तर. पुढे जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीला धरून.

उदाहरणं बहुतेक युनेस्कोच्या जलपरिवारातली घेतली आहेत, कारण पाण्यावरच्या केंद्रांचं इतकं पसरलेलं जाळं दुसरं चटकन डोळ्यांसमोर येत नाही. तुमचं जाळं विद्यापीठांचं असो की सरकारी संस्थांचं, अडचणी त्याच येतात.

आधी करार वाचा, मग मेल लिहा

१९६५ ते १९७४ हे आंतरराष्ट्रीय जलविज्ञान दशक म्हणून पाळलं गेलं. ते संपल्यावर युनेस्कोनं १९७५ पासून आंतरशासकीय जलविज्ञान कार्यक्रम सुरू केला. बोलताना सगळे त्याला नुसतं ‘आयएचपी’ म्हणतात. सध्या त्याचा नववा टप्पा चालू आहे, २०२२ ते २०२९. या कार्यक्रमाभोवती केंद्रं जमत गेली. कुआलालंपूरचं दमट उष्ण प्रदेशांसाठी, बीजिंगचं धूप आणि गाळासाठी, तेहरानचं शहरी पाण्यासाठी, इराणमधलंच याझ्दचं कनात म्हणजे भुयारी पाणमार्ग आणि जुन्या जलवास्तूंसाठी, जपानात त्सुकुबाचं पुरासारख्या संकटांसाठी, पोलंडमध्ये वूचचं पाणी आणि परिसंस्था यांच्या नात्यासाठी, चिलीत ला सेरेनाचं शुष्क प्रदेशांसाठी.

नवा माणूस इथे एक चूक हमखास करतो. ही केंद्रं युनेस्कोची कार्यालयं आहेत असं तो धरून चालतो. ती ‘दुसऱ्या श्रेणीची’ केंद्रं आहेत, म्हणजे युनेस्कोच्या आश्रयाखाली असलेली पण कायद्यानं युनेस्कोचा भाग नसलेली. करार होतो तो युनेस्को आणि यजमान देशाचं सरकार यांच्यात. इमारत, पगार, वीजबिल यजमान देशाकडे. केंद्राचं स्वतःचं नियामक मंडळ असतं आणि त्यात युनेस्कोच्या महासंचालकांचा प्रतिनिधी बसतो. करार ठरावीक वर्षांचा असतो आणि नूतनीकरणाआधी केंद्राचं मूल्यमापन होतं.

हे मूल्यमापन नीट लक्षात ठेवा, कारण तुमच्या हातातला एकमेव खरा धागा तो आहे. मूल्यमापन करणारे विचारतात, हे केंद्र इतर केंद्रांबरोबर काय करतं? त्या वेळी संचालकांना पुरावे लागतात. कोणत्या संयुक्त अभ्यासात ते होते, कुणाचे प्रशिक्षणार्थी घेतले, कुणाला तज्ज्ञ पाठवले. हे सगळं तुमच्याकडे तारखेनिशी लिहिलेलं असेल आणि एका मेलवर तुम्ही दोन पानांचं पत्रक काढून दिलंत, तर ते केंद्र तुम्हाला पुढची पाच वर्षं विसरत नाही. म्हणून प्रत्येक केंद्राच्या कराराची संपायची तारीख वहीत पहिल्या आठवड्यातच टिपून ठेवा आणि त्याआधी दीड वर्षाची एक खूण करा.

दर्जा बदलतो, हेही ध्यानात असू द्या. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टची आयएचई ही पाण्याचं शिक्षण देणारी संस्था १९५७ पासून परदेशी अभियंत्यांना शिकवत आलीय. २००३ मध्ये ती युनेस्कोची पूर्ण संस्था झाली, २०१७ पासून दुसऱ्या श्रेणीत आली. जुना कागद बघून पत्र लिहिलंत तर मायना चुकतो, बोधचिन्ह चुकतं आणि समोरचा पहिल्याच पत्रात तुम्हाला ओळखून असतो. बोधचिन्हाबाबत तर विचारल्याशिवाय काहीच छापू नका. ते कुणी, कुठे, किती दिवस वापरायचं याचे नियम करारातच असतात.

प्रत्येक केंद्राचं एक पान

यादी पुरत नाही, पान लागतं. एका केंद्राला एकच पान. त्यावर काय असावं याचे मोठमोठे तक्ते मी पाहिलेत, तीस-तीस रकान्यांचे. कुणी भरत नाही. मला सहाच गोष्टी लागतात : त्यांच्याकडे खरोखर कोणती कामं होतात, कोणतं उपकरण किंवा प्रयोगशाळा दुसऱ्याला वापरायला मिळेल, कोणत्या भाषेत शिकवू शकतात, सही कोण करतो, रोजचं उत्तर कोण देतो, आणि त्यांचं आर्थिक वर्ष कधी सुरू होतं.

सही करणारा आणि उत्तर देणारा ही दोन वेगळी माणसं असतात. संचालकांना पत्र जातं, पण काम होतं ते तिसऱ्या टेबलावरच्या संशोधन सहायिकेमुळे. तिचं नाव माहीत नसेल तर तुमचं पत्र मंजूर होऊनही तीन महिने पडून राहतं. संचालक बदलतात, ती सहसा तिथेच असते.

आर्थिक वर्षाचा रकाना क्षुल्लक वाटेल. जपानमध्ये सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, अमेरिकेच्या संघ सरकारचं १ ऑक्टोबरला, इराणमध्ये नौरोजला म्हणजे मार्चच्या विशीत, कितीतरी देशांत १ जानेवारीला. तुम्ही फेब्रुवारीत ‘यंदा एक संयुक्त कार्यशाळा घेऊ, प्रत्येकानं आपल्या माणसाचं तिकीट काढावं’ असं कळवलंत, तर त्सुकुबाच्या बाजूला वर्ष संपत आलेलं असतं आणि दुसरीकडे अंदाजपत्रक नुकतंच बंद झालेलं. नकार येतो तो तुमच्या कल्पनेला नसतो, तारखेला असतो. सगळ्यांच्या तारखा एका कागदावर मांडल्या की पैसे मागायला बरे महिने कोणते, हे दिसतंच.

हे पान फोनवर भरा. प्रश्नावली पाठवू नका. एका केंद्रासाठी पाऊण तास लागतो, तीस केंद्रांसाठी दीड महिना जातो, आणि तुम्ही समन्वयक म्हणून केलेल्या कामांत हा दीड महिना सगळ्यात सार्थकी लागतो. शेवटी प्रत्येकाला एक प्रश्न विचारा : ‘या जाळ्यातून आजवर तुम्हाला काय मिळालं?’ पुष्कळ जण थोडं थांबतात. ते थांबणंही पानावर लिहून ठेवा.

पहिलं काम लहान निवडा

नव्या समन्वयकाला पहिल्या बैठकीत मोठा विषय मांडायची हौस असते. जलसुरक्षा, हवामानबदल, शाश्वत विकासाचं सहावं उद्दिष्ट. सगळे मान डोलावतात, ठराव होतो आणि वर्षभर काहीच होत नाही, कारण सोमवारी सकाळी कुणी काय करायचं हे त्यात कुठेच नसतं.

याउलट ‘फ्रेंड’ हा आयएचपीचा उपक्रम बघा. नद्यांच्या प्रवाहाची आकडेवारी देशोदेशींच्या संशोधकांनी एकमेकांना द्यायची आणि मिळून अभ्यास करायचा, एवढीच कल्पना. १९८५ मध्ये तो वायव्य युरोपातल्या मोजक्या देशांपुरता सुरू झाला. तिथे चाललं म्हणून दुसऱ्या प्रदेशांनी आपापले गट काढले आणि मग तो जगभर झाला. कुणी वरून जागतिक रचना आखून दिली असती तर ती कागदावरच राहिली असती, असं माझं मत आहे.

पहिल्या कामाला माझी कसोटी अशी : तीन केंद्रं, एक वर्ष, शेवटी हातात धरता येईल अशी एक वस्तू. लहान ओढ्यांवरचा विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतं ते, कसा मोजावा याची तीन भाषांतली पुस्तिका. गाळाचे नमुने घ्यायच्या पद्धतींची तुलना. एका खोऱ्यातल्या दुष्काळाचा नकाशा. तीनच का, तर दोन केंद्रांचं काम ही त्यांची आपापसातली बाब होते आणि पाचांत कुणीतरी हमखास मागे पडतं. ती तीनही एकाच प्रकारची नसावीत. एकाकडे आकडेवारी, एकाकडे मॉडेल, एकाकडे शिकवायची हातोटी, असं जमलं तर प्रत्येकाला दुसऱ्याची गरज भासते.

आकडेवारी एकत्र आणताना

या टप्प्यावर जाळी फाटतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

माझ्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. तीन देशांतल्या केंद्रांनी दरवर्षीचा सर्वांत मोठा पूर, असा एक साधा तक्ता पाठवला होता. वर्ष आणि विसर्ग, दोनच रकाने. आम्ही ते एका आलेखात बसवले आणि मंडळापुढे ठेवले. मागे बसलेल्या एका वयस्कर जलशास्त्रज्ञांनी चष्मा वर केला आणि विचारलं, ‘हा एकच पूर दोन वर्षांत दोनदा कसा आला?’ ऑक्टोबरमधला तो पूर एका केंद्राच्या तक्त्यात एका वर्षात होता, दुसऱ्याच्या तक्त्यात पुढच्या वर्षात. कुणीच चुकलं नव्हतं. ‘वर्ष’ या शब्दाचा अर्थ आम्ही विचारला नव्हता.

जलवर्ष, म्हणजे पाण्याच्या हिशेबाचं वर्ष, जागोजागी वेगळं असतं. अमेरिकेत ते १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि ज्या वर्षात संपतं त्या वर्षाच्या नावानं ओळखलं जातं. म्हणजे ऑक्टोबर २०१० मधला पूर हा २०११ च्या जलवर्षाचा. जर्मनीत सुरुवात १ नोव्हेंबरला होते. भारतात १ जूनला, आणि लिहिताना २०१०-११ असं जोडवर्ष लिहितात. तेव्हापासून मी वार्षिक आकडे घेतच नाही. रोजचे किंवा निदान महिन्याचे मागतो, वर्ष आपण बनवावं.

एककाची बाब त्याहून साधी आणि त्याहून घातक. रकान्यावर नुसतं ‘विसर्ग’ लिहिलेलं असतं. तो क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर) आहे की क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट)? एका घनमीटरमध्ये ३५.३१ घनफूट असतात, म्हणजे चूक झाली तर ओढ्याची नदी होते. मोठ्या नदीत ही चूक डोळ्यांना खुपते, मध्यम नदीत खुपत नाही, आणि तीच शेवटपर्यंत टिकते.

पाण्याची पातळी ४.२ मीटर, असं लिहिलं असेल तर लगेच विचारा, कशापासून? मोजपट्टीच्या शून्यापासून की समुद्रसपाटीपासून? आणि समुद्रसपाटी तरी कोणती? डॅन्यूब घ्या. जर्मनीतल्या उंच्या अॅमस्टरडॅमच्या शून्यावरून मोजतात, ऑस्ट्रियातल्या उंच्या इटलीतल्या त्रिएस्ते बंदराच्या, हंगेरीतल्या उंच्या बाल्टिक समुद्रावरच्या क्रोनश्टाटच्या. एकच नदी, तीन शून्यं. त्यात नावं पुन्हा वेगळी : डोनाउ, दुनाय, दुना, दुनाव, दुनेरेआ. संगणकात ‘डॅन्यूब’ शोधलंत तर निम्म्या फायली सापडणारच नाहीत. यारलुंग त्सांगपो, ब्रह्मपुत्रा आणि जमुना ही एकच नदी आहे, हे माणसाला कळतं, संगणकाला सांगावं लागतं. म्हणून प्रत्येक मोजणी-ठिकाणाला नावाबरोबर अक्षांश, रेखांश आणि एक कायम क्रमांक हवाच.

न मोजलेल्या दिवसांचं काय? कुणी उणे ९९९ लिहितं, कुणी रकाना रिकामा ठेवतं, कुणी शून्य लिहितं. शुष्क प्रदेशात शून्य विसर्ग ही खरी नोंद असते. तिथली नदी वर्षातले आठ महिने कोरडीच असते. तुम्ही सगळी शून्यं गाळलीत तर तो देश एकदम पाणीदार होतो. आणखी एक. विसर्ग रोज कुणी मोजत नाही. मोजतात पातळी, आणि पातळी-विसर्गाच्या वक्रावरून, म्हणजे किती पातळीला किती विसर्ग हे दाखवणाऱ्या आलेखरेषेवरून, विसर्ग काढतात. मोठ्या पुरानं पात्र बदललं की वक्र नव्यानं बांधावा लागतो. तेव्हा आकड्यांबरोबर तो वक्र कोणत्या तारखेचा आहे, हेही मागा. हा प्रश्न विचारलात की समोरच्या तंत्रज्ञाला कळतं की तुम्ही नुसते मेल पुढे ढकलणारे नाही आहात.

आता मालकीचा प्रश्न. केंद्राकडे आकडे असतात, पण त्यांची मालकी बहुतेक वेळा देशाच्या जलविज्ञान खात्याकडे असते. नदी सीमा ओलांडत असेल तर त्यात परराष्ट्र खातंही येतं. वरच्या देशानं किती पाणी सोडलं हे खालच्या देशाला हवं असतं आणि वरच्याला ते सांगताना संकोच वाटतो. जागतिक हवामान संघटनेनं १९९९ मध्ये जलविज्ञानाची आकडेवारी मोकळेपणानं देण्याघेण्याचा ठराव केला, २०२१ मध्ये हवामान, पाणी, समुद्र अशा सगळ्यांसाठी एकत्रित धोरण आणलं. जगभरच्या नद्यांचे प्रवाह साठवणारं एक केंद्र १९८८ पासून जर्मनीत कोब्लेंझला आहे. हे सगळं असूनही एखाद्या संचालकाला ‘आमच्या खात्याची परवानगी नाही’ असं म्हणावं लागतं, आणि तो खरं बोलत असतो. त्याला ठराव वाचून दाखवू नका.

मी काम तीन पायऱ्यांत मागतो. आधी फक्त माहितीची माहिती : कोणत्या ठिकाणी, कोणत्या वर्षापासून, काय मोजलं जातं. याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. मग निष्कर्ष : केंद्रानं स्वतःच्या आकड्यांवर, स्वतःच्या संगणकावर, सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या पद्धतीनं गणित करायचं आणि फक्त उत्तर पाठवायचं. कच्चे आकडे सगळ्यात शेवटी, दिलेच तर. पुष्कळ चांगले संयुक्त अभ्यास दुसऱ्या पायरीवरच पूर्ण होतात, तिसरीची गरजच पडत नाही. काय दिलं, कुणाला, कोणत्या कामासाठी आणि छापताना कुणाचं नाव कुठे येणार, हे एका पानावर लिहून सह्या घ्या. आणि घ्यायच्या त्या काम सुरू होण्याआधी. लेख छापायच्या वेळी लेखकांच्या नावांवरून जी भांडणं होतात ती पाण्याच्या भांडणांहून कडू असतात.

बैठकीची वेळ

जानेवारीत ग्रीनिच वेळेनुसार दुपारी १ ची बैठक ठेवली असं समजा. पनामात सकाळचे ८ वाजलेले असतात, ला सेरेनाला १०, डेल्फ्ट आणि वूचला दुपारचे २, तेहरानला साडेचार, बीजिंग आणि कुआलालंपूरला रात्रीचे ९, त्सुकुबाला १०. सगळ्यांना कशीबशी चालेल अशी ही एकच फट आहे, आणि दर वेळी तीच वापरली तर पूर्वेकडची माणसं कायम झोपेच्या वेळी बोलतात. त्यांचं बोलणं कमी होतं, मग निर्णय पश्चिमेकडच्यांचे होतात. म्हणून वर्षातून निदान दोन बैठका पूर्वेच्या सकाळी ठेवा आणि पश्चिमेला जागवा.

मार्चमध्ये जपून. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात, युरोपातली शेवटच्या रविवारी. जपान, मलेशिया, पनामा यांची सरकतच नाहीत, आणि चिलीत ऋतू उलटे असल्यानं तिथली एप्रिलच्या सुरुवातीला मागे येतात. या दोन-तीन आठवड्यांत ‘नेहमीच्या वेळी’ असं कधीही लिहू नका. मी एकदा लिहिलं होतं. एक संचालक पडद्यासमोर एकटे तासभर बसून होते आणि पुढच्या दोन बैठकांना आलेच नाहीत. वेळ नेहमी ग्रीनिचमध्ये लिहा आणि खाली प्रत्येक शहराची. शुक्रवार कुणाकुणाचा सुटीचा वार आहे, रमजान कधी आहे, चिनी नववर्ष कधी, हेही त्याच कॅलेंडरवर असू द्या.

इतिवृत्ताबद्दल एवढंच : दोन दिवसांत गेलं पाहिजे आणि एका पानात मावलं पाहिजे. कोण, काय, कधीपर्यंत. कोण काय म्हणाले ते नको.

प्रशिक्षण

जाळ्याच्या नावात प्रशिक्षण असतंच, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ होतो पाच दिवस सभागृह, शंभर स्लाइड, शेवटी प्रमाणपत्र आणि सामूहिक फोटो. ते टाळायचं तर अभ्यासक्रम ठरवण्याआधी येणाऱ्यांना एक प्रश्न पाठवा : ‘परत गेल्यावर पहिल्या महिन्यात कोणतं काम वेगळं कराल?’ उत्तर देता येत नसेल तर चुकीचा माणूस येतोय किंवा विषय चुकीचा आहे. पुष्कळदा चुकीचा माणूसच येतो, कारण परदेश दौरा हे बक्षीस समजलं जातं आणि ते ज्येष्ठतेनं मिळतं. आमंत्रणात पदाचं नाव घालू नका, कामाचं वर्णन घाला : ‘जो स्वतः नदीवर जाऊन मोजणी करतो त्यानं यावं.’

आणि एक दिवस सभागृहाबाहेर काढाच. एका शिबिरात आम्ही सहा मीटर रुंद आणि सरासरी अर्धा मीटर खोल ओढ्यावर तीन गट उतरवले. प्रत्येकाला एक लाकडी तरंगता ठोकळा, टेप आणि घड्याळ. तिघांनाही ठोकळ्याचा वेग सेकंदाला ०.८ मीटर मिळाला. विसर्ग मात्र आला २.४, २.०४ आणि १.८ घनमीटर. थोडा वेळ सगळे एकमेकांच्या वहीकडे संशयानं बघत होते. मग उलगडा झाला. पृष्ठभागावरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात वाहतं, म्हणून तरंगत्या ठोकळ्याच्या वेगाला गुणक लावून सरासरी वेग काढतात. पहिल्या गटानं तो लावलाच नव्हता. दुसऱ्यानं ०.८५ घेतला, बहुतेक पुस्तकांत असतो तसा. तिसऱ्यातली अभियंता डोंगरी ओढ्यांवर काम करणारी होती. तळाला दगडगोटे आहेत म्हणून तिनं ०.७५ धरला. मग प्रवाहमापक पाण्यात उतरवला, पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ वर, कारण उथळ पाण्यात साधारण तिथला वेग हा सरासरी वेग मानतात. उत्तर दुसऱ्या गटाच्या जवळ आलं.

पण संध्याकाळी चर्चा झाली ती वेगळीच. तीन देशांनी वर्षानुवर्षं एकमेकांना दिलेले लहान नद्यांचे आकडे कोणत्या गुणकानं काढले होते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षीचा संयुक्त अभ्यास त्या ओढ्याच्या काठावर ठरला, मला काही करावं लागलं नाही.

भाषेचा खर्च सुरुवातीलाच धरा. दुभाषा महाग असतो, आणि पाण्याचे शब्द न कळणारा दुभाषा तर दुप्पट महाग पडतो. युनेस्को आणि जागतिक हवामान संघटना यांचा मिळून काढलेला जलविज्ञानाचा आंतरराष्ट्रीय शब्दकोश आहे, तिसरी आवृत्ती २०१२ ची. तो दुभाष्याला आठवडाभर आधी द्या. तरीही कोशात न बसणारे शब्द राहतात. डोंगराच्या पोटातून उतारानं पाणी आणणारा भुयारी मार्ग इराणमध्ये कनात, अफगाणिस्तानात कारेझ, ओमानमध्ये फलज, अल्जीरियात फोग्गारा, मोरोक्कोत खत्तारा. ही सगळी नावं फळ्यावर लिहिली की वर्गातली पाच माणसं एकदम बोलायला लागतात. ती पाच मिनिटं वेळापत्रकातून कापू नका.

व्हिसासाठी तीन महिने धरा. निमंत्रणपत्रावर पासपोर्टवरचंच नाव, त्याच स्पेलिंगनं. शिबिरानंतर सहाव्या महिन्यात प्रत्येकाला एक फोन करा आणि ‘पहिल्या महिन्यात वेगळं काय कराल’चं उत्तर वाचून दाखवा. अहवालात किती लोकांना प्रशिक्षण दिलं हा आकडा लागतोच. पण पुढचा निधी या फोनमधून निघालेल्या दोन-तीन गोष्टींवर मिळतो.

पैसा, आणि गप्प बसलेली केंद्रं

सगळा पैसा तुमच्या कार्यालयातून वाटला गेला की तुम्ही समन्वयक न राहता खजिनदार होता आणि प्रत्येक मेल बिलाचा होतो. जिथे जमेल तिथे प्रत्येकानं आपलं उचलावं : यजमानानं राहणं-जेवण-वाहन, येणाऱ्यानं तिकीट, तुम्ही फक्त ज्यांना अजिबात जमणार नाही त्यांचं. वस्तुरूपानं दिलेलंही मोजा. प्रयोगशाळेचे तीन दिवस, तज्ज्ञाचा एक आठवडा, बोट. हे लिहिलं नाही तर लहान केंद्रं कागदावर कायम घेणारीच दिसतात, आणि बोट मात्र त्यांचीच असते.

तीन मेलना उत्तर न देणारं केंद्र म्हणजे बंद पडलेलं केंद्र नव्हे. संचालक बदलला असेल, मंत्रालय बदललं असेल, करार संपत आला असेल आणि वरून काही कळत नसेल, किंवा तिकडे खरोखरच पूर आला असेल. सगळ्यांना जाणाऱ्या मेलमध्ये ‘अमुक केंद्राकडून अद्याप माहिती आलेली नाही’ असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. एकदा चारचौघांत नाव निघालं की तिथला माणूस आपल्या वरिष्ठापुढे अडचणीत येतो. फोन करा, फोन लागत नसेल तर त्या भागातल्या दुसऱ्या केंद्राच्या माणसाला विचारायला सांगा. आणि मागणी लहान करा : अहवाल नको, दोन ओळी चालतील. वर्षभर काहीच आलं नाही तर त्यांना यादीतून काढू नका, त्यांच्या पानावर तारीख घाला आणि दर सहा महिन्यांनी एक फोन चालू ठेवा.

जाताना

समन्वयक सरासरी तीन-चार वर्षं टिकतात, असं मी पाहिलंय. म्हणून पहिल्या दिवसापासून पत्रव्यवहार स्वतःच्या नावाच्या मेलवरून नको, पदाच्या नावाच्या मेलवरून. केंद्रांची पानं, करारांच्या तारखा, आकडेवारीची एकपानी संमतिपत्रं आणि कोणत्या नदीच्या कोणत्या नावाखाली कोणती फाइल आहे याची यादी एका फोल्डरमध्ये, पासवर्ड दोघांकडे. नव्या माणसाबरोबर पहिल्या दहा केंद्रांना फोन लावताना तुम्ही लाइनवर असा, नुसतं नाव सांगून द्यायला. सुरुवात तिसऱ्या टेबलापासून करा.